शेवटचा परिच्छेद मागू नका : बालकुमार दिवाळी अंकांचे संपादक आणि बालकथा स्पर्धांचे परीक्षक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मुलांसाठी विनोदी गोष्टी लिहिते आणि त्याहून जास्त वेळ त्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवते. तालुक्याच्या गावात शनिवारी दुपारी आमचं बालवाचनालय भरतं. आठवड्यातले बाकीचे काही दिवस आसपासच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये जाणं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे अंक आमच्या फळीवर आहेत, आणि पार कोपरे झिजेपर्यंत वाचले गेले आहेत. कागदाचे भाव, जाहिराती मिळवताना होणारी दमछाक, चित्रकाराला वेळेवर पैसे देण्याची धडपड, हे सगळं सांभाळून तुम्ही दरवर्षी मुलांच्या हातात काहीतरी नवं देता. त्याची जाणीव ठेवूनच लिहिते आहे.

मागणी एकच आहे. विनोदी गोष्टीच्या शेवटी बोध मागू नका. स्पर्धेच्या नियमावलीत 'कथा संस्कारक्षम व बोधप्रद असावी' अशी जी ओळ वर्षानुवर्षं छापली जाते, ती विनोदी कथेपुरती तरी काढून टाका.

नुसतं असं म्हणून पटणार नाही, म्हणून एक गोष्टच पुढे ठेवते. ग्रामसभा भरायची तर गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात, नाहीतर सभा तहकूब करावी लागते. हे गावाकडच्या मुलांना ऐकून माहीत असतं, कारण 'आजपण सभा झाली नाही' हे घरी येऊन सांगणारं कुणीतरी असतंच. माझ्या गोष्टीत ग्रामसेवक डोकी मोजतात. नव्याण्णव भरतात. पुन्हा मोजतात. पुन्हा नव्याण्णव. 'एक डोकं कमी पडतंय हो,' असं ते म्हणतात, आणि देवळासमोरून म्हैस घेऊन चाललेली सगुणा ते ऐकते. ती म्हशीला सरळ मंडपात आणून उभी करते. 'घ्या. डोकं आहे. वर शिंगंपण आहेत.'

इथून पुढे सगळी मोठी माणसं अतिशय गंभीरपणे वागतात. नियमात 'माणसाचं डोकं' असं कुठे लिहिलंय यावर चर्चा होते. लिहिलेलं सापडत नाही. मग हजेरीपुस्तकात नाव घालायचं. आडनाव काय घालायचं? मालकाचं की गोठ्याचं? सही येत नाही म्हणून शाईच्या पॅडवर खूर टेकवून निशाणी घेतात. पाणवठ्याच्या दुरुस्तीचा ठराव वाचला जातो, तेवढ्यात म्हैस रेकते. ग्रामसेवक लिहितात, 'एका सदस्याची हरकत.' सभा पार पडते. पुढच्या वेळी रीतसर नोटीस गोठ्यावर जाते : 'आपण वेळेवर उपस्थित राहावे.' म्हैस ती नोटीस खाते. गोष्ट संपली.

ही गोष्ट एका अंकाकडे गेली. अंकाचं नाव सांगत नाही, कारण असं पत्र कुणाकडूनही आलं असतं. संपादकांनी आपुलकीनं कळवलं की गोष्ट आवडली, फक्त मुलांना ग्रामसभेचं महत्त्व समजेल असा एक परिच्छेद शेवटी जोडा. म्हणजे गावकऱ्यांना स्वतःची लाज वाटली, पुढच्या सभेला सगळे आले, सगुणेचा सत्कार झाला वगैरे.

मी तो परिच्छेद लिहिला. अंकाला पाठवण्याआधी पाचवीच्या एका वर्गात दोन्ही शेवट वाचून पाहिले, एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. म्हैस नोटीस खाते तिथे थांबले, तेव्हा क्षणभर वर्ग गप्प झाला आणि मग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. त्यानंतर सुरू झाली त्यांची गोष्ट. पुढच्या सभेला म्हैस आली का? तिला सरपंच केलं तर? नोटीस खाल्ली म्हणजे 'पोचली' असं धरायचं का? हा शेवटचा प्रश्न एका अकरा वर्षांच्या मुलीचा होता, आणि कुठल्याही वकिलाला शोभला असता. पुढच्या आठवड्यात जोडलेला परिच्छेद वाचला. 'गावकऱ्यांना आपली चूक उमगली' हे वाक्य येताच पहिल्या दोन रांगांतल्या मुलांनी हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. गोष्ट संपली आणि उपदेश सुरू झाला हे त्यांच्या अंगालाच कळलं. मी थांबल्यावर कुणी काही विचारलं नाही.

ती हाताची घडी मी त्यानंतर बऱ्याच वर्गांत पाहिली आहे. आदिवासी पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत पाहिली आहे, शहरातल्या मोठ्या फीच्या शाळेतही पाहिली आहे. मुलांना बोध लगेच ओळखू येतो, आणि तो ओळखला की ती आपल्यातून उठून शिष्यांच्या जागी जाऊन बसतात. ग्रामसभेबद्दल जे काही त्या मुलीला समजायचं होतं, ते नोटीस पोचली की नाही या प्रश्नातच समजून झालं होतं. जोडलेल्या परिच्छेदानं ते परत काढून घेतलं.

बोधाची ही सवय आपल्याला लागली कशी, याचं उत्तर आपल्या छापील बालसाहित्याच्या जन्मातच आहे असं मला वाटतं. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' छापून निघालं. मूळ पुस्तक फ्रेंच, तिथून ते इंग्रजीत आलेलं आणि इंग्रजीवरून मराठीत उतरवलेलं. त्याच सुमारास त्यांनी ईसापच्या गोष्टीही मराठीत आणल्या. नव्या शाळा उघडत होत्या, शाळांना पुस्तकं हवी होती, आणि पुस्तकातून मुलाला वळण लागावं ही अपेक्षा त्या काळी साहजिक होती. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक सुरू केलं. त्यांनी मुलांना चरित्रं दिली, विज्ञान दिलं, आणि आजही त्या कामापुढे मान लवते. पण एक झालं. मराठी मुलाच्या हातात छापलेली गोष्ट पहिल्यांदा पडली ती शाळेच्या दारातून आली, आणि येताना 'तात्पर्य' बरोबर घेऊन आली. १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांचं 'आनंद' निघालं, तेव्हा निदान नावात तरी दुसरा सूर लागला.

छापखाना येण्याआधीच्या गोष्टी आठवून पाहा. टोपीवाल्या उंदराला वाटेत चिंधी सापडते. तो ती धुऊन घेतो, रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची गोंडेवाली टोपी शिवून घेतो, आणि ढोलकं बडवत थेट राजाच्या वाड्यासमोर जातो. राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान, ढुम ढुम ढुमाक! राजा चिडून टोपी हिसकावतो, तर उंदीर म्हणतो, राजा भिकारी, माझी टोपी घेतली. राजा वैतागून टोपी परत फेकतो, तर उंदीर म्हणतो, राजा मला भ्याला, माझी टोपी दिली. संपली गोष्ट. उंदीर उद्धट आहे. त्याला कुणी शिक्षा करत नाही, तो सुधारतही नाही. चार पैसे न खर्चता सगळ्यांकडून काम करून घेतो आणि वर राजाला गप्प बसवतो. भोपळ्यातली म्हातारी तर वाघाला चक्क थाप मारते. लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा म्हणते, आणि परत येते ती टुणुक टुणुक करत. 'खोटं बोलू नये' हे शिकवायला बसलो तर ही गोष्ट आपल्याला फेकूनच द्यावी लागेल. पण घरोघरच्या आज्यांनी ती फेकली नाही. दिवसभर नातवंडांना वळण लावणाऱ्या बायकाच रात्री ही गोष्ट सांगत होत्या. वळण लावायची वेळ कुठली आणि गोष्टीची वेळ कुठली, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मुलं जगात सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी ताकदीची. उठा म्हटलं की उठायचं, जेवा म्हटलं की जेवायचं, गप्प बसा म्हटलं की गप्प बसायचं. म्हणून तर उंदराच्या बाजूनं राजावर हसणं मुलांना इतकं प्रिय असतं. चौथीतल्या एका मुलीला वाचताना अक्षरं लागत नसत. वर्गात वाचायची पाळी आली की ती खाली मान घालून उभी राहायची. तिनं पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं ते उंदराचं बोलणं. पाठ होतं म्हणून धीर आला असेल, पण बोट ओळीखाली होतं आणि 'भिकारी' शब्दाला ती बरोबर 'भि'वर आली. राजाला भिकारी म्हणायची संधी पाठ्यपुस्तकातल्या धड्यानं तिला कधी दिली नव्हती.

आता तुमची अडचण. अंक विकत घेतात पालक, आणि पालकांना संस्कार हवे असतात. ग्रंथप्रदर्शनात उभं राहून मीही पाहिलं आहे : आई पुस्तक उचलते, शेवटचं पान उघडते, 'काय शिकवलंय यात?' म्हणते. पण तेच पालक वाचनालयात मुलाशेजारी टेकून बसले आणि म्हशीची सही आली की मुलाआधी हसतात. त्यांना बोधाचा आग्रह आहे तो इतकंच माहीत असल्यामुळे. अंक पुन्हा विकत घ्यायला लावतो तो मुलाचा हट्ट, आणि मूल हट्ट करतं ते ज्या गोष्टीनं त्याला हसवलं तिच्यासाठी. बोधकथा छापू नका असं मी मुळीच म्हणत नाही. ईसाप आहे, पंचतंत्र आहे, साने गुरुजींनी डोळ्यांत पाणी आणणारं लिहिलं आहे. त्यांची जागा त्यांच्याकडेच राहू द्या. विनोदी गोष्टीला मात्र त्यांच्या पोशाखात उभं करू नका.

आपल्याकडे बोधाशिवाय हसवणारे लोक झाले नाहीत असंही नाही. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, बौद्ध साहित्याचे जाणकार. म्हणजे बोधकथांचं केवढं भांडार त्यांच्या हाताशी असेल. पण त्यांचा चिमणराव आपल्याला काही शिकवायला येत नाही. तो बिचारा मनापासून, सभ्यपणे, डोकं लावून वागतो आणि दर वेळी खड्ड्यात पडतो. आपण गमतीदार आहोत याचा त्याला पत्ताच नसतो. ज्ञानपीठ मिळवलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांच्या कवितेत भुतंखेतं नाचवली, प्राण्यांना बोलतं केलं, आणि शब्दांशी मनसोक्त खेळले. बालभारतीचं 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एखाद्या रविवारी ते चाळून पाहा. ज्या गोष्टी आजही मुलांसमोर वाचता येतात आणि हशा घेतात, त्यांचा शेवट कुठे होतो ते बघत जा.

बोध मागायचा नाही, तर मग संपादकानं मागायचं काय? खूप काही मागता येतं, आणि ते तुम्ही मागत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. विनोदी गोष्ट आली की 'हलकंफुलकं आहे, चालेल' म्हणून ती जशीच्या तशी छापली जाते. गंभीर कथेवर जेवढी लाल शाई खर्च होते, तेवढी विनोदी कथेच्या वाट्याला येत नाही. खरं तर तिला जास्त लागते.

'मग काय, एकच हशा पिकला', 'सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली', 'आणि मोठीच गंमत झाली' ही वाक्यं दिसली की कापा. मुलानं हसायचं की नाही ते लेखकानं ठरवून टाकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ही वाक्यं तिथेच येतात जिथे गंमत झालेलीच नसते. उद्गारचिन्हांच्या रांगा कापा. गोष्टीत एकच थाप असू द्या, आणि ती मान्य केल्यावर बाकी सगळं काटेकोर खरं चालू द्या. म्हैस सभेत आली ही थाप. मग हजेरीपुस्तक खरं हवं, शाईचं पॅड खरं हवं, हरकतीची नोंद खऱ्या सभेत करतात तशीच हवी. दुसऱ्याच पानावर म्हैस बोलायला लागली, तिसऱ्यावर उडायला लागली, तर मुलं 'कायपण' म्हणतात. ते 'कायपण' म्हणजे परीक्षेतला भोपळा. लेखकाला विचारा की ही गोष्ट घडताना पात्रं हसताहेत का. हसत असतील तर परत पाठवा. सगुणा हसत नाही, ग्रामसेवक तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे अंकाची मांडणी करताना सहसा कुणी पाहत नाही. चित्र कुठे जातं? माझ्या एका गोष्टीतलं सगळं रहस्य होतं की हरवलेली इस्त्री आजोबांनी अंथरुणात पाय शेकायला नेली आहे. अंक हातात आला तर शीर्षकाच्या डोक्यावर, अर्ध्या पानात, आजोबा, अंथरूण आणि पायाशी इस्त्री. चित्र अप्रतिम होतं. पण मुलांनी पान उघडलं आणि गोष्ट वाचायच्या आधीच संपली. चित्रकाराचा यात काही दोष नाही, त्याला 'गोष्टीतला सर्वांत गमतीदार प्रसंग काढा' असंच सांगितलेलं असतं. तो प्रसंग पान उलटल्यावर येऊ द्या. वरच्या चित्रात आजी इस्त्री शोधत कपाट उपसते आहे एवढं पुरे.

वयाचाही विचार व्हावा. 'वयोगट ५ ते १२' असा एकच गट धरून विनोद निवडता येत नाही. पाच वर्षांचं मूल बूट कानाला लावून 'हॅलो' म्हटलं की लोळून हसतं. सात-आठ वर्षांत शब्दाला दुसरा अर्थ असतो हे नुकतंच सापडलेलं असतं, तेव्हा कोडी आणि शब्दांच्या कोट्या आवडतात, कितीही जुन्या असोत. दहाच्या पुढे त्यांना मोठ्या माणसांचा आव दिसायला लागतो, आणि तिथून पुढे नोटिसा, सत्कार, भाषणं, 'प्रमुख पाहुणे' हा सगळा त्यांचाच मुलूख होतो.

आता ज्या ठिकाणी तुम्ही खरोखर कडक व्हायला हवं, त्याबद्दल. हसू कुणावर आहे, हे छापण्याआधी तपासा. संस्काराचा प्रश्न मला विचाराल तर तो इथे आहे. तो शेवटच्या परिच्छेदात सुटत नाही. लठ्ठ मुलगा खुर्चीवर बसला आणि खुर्ची मोडली. तोतऱ्या मुलानं निरोप सांगितला आणि गोंधळ झाला. काळी मुलगी अंधारात दिसलीच नाही. कामवाल्या मावशींना इंग्रजी शब्द कळला नाही. 'ढ' मुलाला पुन्हा शून्य मिळालं. आणि विनोदाच्या चौकटीत नवरा-बायकोचे ते चुटके, जे मुलांच्या अंकात कशासाठी येतात हे मला आजवर समजलेलं नाही. या सगळ्या गोष्टी बोधप्रद शेवटासकट छापल्या गेल्या आहेत. तोतऱ्या मुलाची गोष्ट एका शाळेत परिपाठाच्या वेळी वाचली गेली. शेवटी 'कुणाच्या व्यंगाला हसू नये' असं वाक्य होतं. मधल्या सुट्टीत मुलं हातपंपापाशी जमली होती आणि चौथीतल्या एका मुलासमोर त्या गोष्टीतला संवाद त्याच्याच बोलण्यात करून दाखवत होती. शेवटचं वाक्य कुणालाच आठवत नव्हतं. तो मुलगा पाणी न पिताच वर्गात परतला. गोष्टीनं काय शिकवलं हे पाहायचं असेल तर ते मधल्या सुट्टीत दिसतं.

उंदीर राजावर हसतो. राजानं उंदरावर हसावं अशी गोष्ट असती तर ती इतक्या पिढ्या टिकली नसती.

बोलीचाही मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. आपल्या विनोदी बालकथेत प्रमाण मराठी बोलतो तो शहाणा, आणि वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा कोल्हापुरी बोलतो तो हमखास बावळट. बावळटपणा दाखवायला दुसरं काही करावं लागत नाही, 'काहून बे' म्हटलं की झालं. अमरावतीच्या मुलानं हे वाचताना काय करायचं? त्याच्या घरी सगळी शहाणी माणसं अशीच बोलतात. 'कायले हासून रायला?' असं त्याची आजी विचारते, आणि तिच्याइतकं फिरकी घेणारं माणूस सगळ्या आळीत नसतं. बोलींमध्ये विनोदाचा केवढा साठा आहे. टोमणे, उखाणे, नावं ठेवण्याच्या तऱ्हा, लांबलचक शपथा. सिंधुदुर्गातल्या एका आजोबांनी मला पावसाची थाप सांगितली, ती मालवणीतच हसवते, प्रमाण भाषेत लिहिली की मरते. तुम्ही पूर्ण मालवणीत, पूर्ण अहिराणीत लिहिलेली विनोदी गोष्ट मागवा. अवघड शब्द खाली द्या वाटलं तर. आणि गोष्टीतल्या सगळ्यांत हुशार माणसाला बोलीत बोलू द्या, एवढं एक पथ्य पाळलं तरी वर्षभरात फरक दिसेल.

परीक्षकांना वेगळी विनंती. स्पर्धेच्या गोष्टी तुम्ही बंद खोलीत, चहाच्या कपाबरोबर, मनातल्या मनात वाचता. विनोदी गोष्ट अशी तपासता येत नाही. ती मोठ्यानं वाचावी लागते, आणि मुलांसमोर वाचावी लागते. निवडलेल्या शेवटच्या आठ-दहा गोष्टी तरी दोन वेगवेगळ्या शाळांत वाचून घ्या. एक शहरातली, एक गावातली. मुलं कुठे हसली, कुठे चुळबुळ झाली, कुठे कुणी 'परत वाचा' म्हणालं, याची नोंद ठेवा. गुणपत्रिकेत 'भाषा', 'आशय', 'संदेश' असे रकाने असतात. विनोदी विभागात 'संदेश' हा रकाना खोडा आणि त्या जागी 'मुलांचा प्रतिसाद' लिहा. त्याला निम्मे गुण द्या. बक्षीस कुणाला मिळतं ते बघून लेखक पुढच्या वर्षी लिहितात, हे तुम्हाला सांगायला नको. आज चांगले विनोदी लिहू शकणारे किती तरी शिक्षक, अंगणवाडीताई, एसटीतले कंडक्टर माझ्या ओळखीचे आहेत. तोंडी गोष्ट सांगताना ते मुलांना लोळवतात, आणि कागद पुढे आला की शेवटी 'म्हणून मुलांनो' लिहून बसतात. त्यांना दोष कसा देऊ? तुमच्या पत्रकातच तसं लिहिलेलं असतं.

मानधनाबद्दल थोडंच. विनोदी बालकथेला कवितेहून आणि लेखाहून कमी मानधन देण्याची रीत काही ठिकाणी आहे, 'दोन पानी तर आहे' म्हणून. दोन पानी गोष्ट आठ पानांवरून उतरलेली असते. देता येईल तेवढं सारखं द्या.

दिवाळी अंकांच्या गोष्टींची निवड साधारण जून ते ऑगस्टमध्ये होते. जुलैपर्यंत सगळीकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात. आमच्या भागातल्या काही शाळांच्या मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. शनिवारी सकाळी शाळा लवकर सुटते, त्याआधीचा एक तास ते द्यायला तयार आहेत. तुम्ही निवडायला घेतलेल्या गोष्टी घेऊन या, किंवा नुसत्या पाठवा, आम्ही वाचू आणि वर्गात काय झालं ते जसंच्या तसं लिहून कळवू. स्वतः आलात तर जास्त बरं. मागच्या बाकावर जागा असते, आणि तिथून पहिल्या रांगेतली मुलं हाताची घडी कधी घालतात ते नीट दिसतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गोष्टी लिहिणारी आणि वाचून दाखवणारी एक वाचनालयवाली बाई